ऑपरेशनआधी हात धुवायचे की औषध चोळायचं?

आपल्या बचत गटात एक प्रश्न नेहमी निघतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी साबण-पाण्याऐवजी हाताला नुसतं औषध चोळलं, तर चालतं का?

चालतं. याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत जंतुनाशक साबण आणि वाहतं पाणी घेऊन बोटांपासून कोपरापर्यंत दोन ते पाच मिनिटं हात धुतात. नव्या पद्धतीत अल्कोहोलचं औषध तसंच कोपरापर्यंत चोळतात आणि पूर्ण वाळू देतात. वर हातमोजे असतातच. पण मोज्याला बारीक भोक पडलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आतला हातही स्वच्छच हवा.

फ्रान्समधल्या रुग्णालयांच्या सहा शस्त्रक्रिया विभागांत ४३८७ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २००२ साली निष्कर्ष आला: जखम चिघळण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, शंभरात अडीचच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेलाही दोन्ही पद्धती मान्य आहेत. जिथे उन्हाळ्यात टँकरचं पाणी पुरवून वापरावं लागतं, तिथे औषधाची पद्धत मोलाचीच.

मात्र अल्कोहोल मळ काढत नाही. हात आधी साबणाने धुऊन कोरडे केलेले हवेत. ओल्या हातावर औषध पातळ होतं.

घरी आल्यावर टाक्यांना किंवा बाळाला हात लावण्याआधी आपण साबण-पाणीच वापरायचं. आणि दवाखान्यात शंका आली, तर सिस्टरताईंना बिनधास्त विचारा. जखम आपल्या अंगावर होणार असते, मग विचारायला लाज कसली?