घरातली रसायनं – लेखांक १४ : कापलेल्या केसांचा रंग उतरवताना

मागच्या आठवड्यात मेंदी आणि काळ्या डायबद्दल लिहिलं. त्यानंतर पालघर, बोईसर, सफाळे अशा सगळीकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला : लग्नासाठी घेतलेलं खऱ्या केसांचं एक्स्टेन्शन काळंभोर आहे, आपल्या केसांना मात्र तपकिरी हायलाइट केलंय, मग एक्स्टेन्शन घरीच ब्लीच करून रंग जुळवता येईल का? येईल. पण ज्या द्रव्यानं हे काम होतं ते बोईसरला नवं नाही. तारापूर एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत आणि कापड पांढरं करायला या धंद्यात हायड्रोजन पेरॉक्साइडच वापरतात. कारखान्यातला ऑपरेटर ते ज्या शिस्तीनं हाताळतो, तीच शिस्त घरातल्या वाटीलाही लागते. आजचं माझं सगळं सांगणं या शिस्तीबद्दल आहे.

डोक्यावरच्या केसांना ब्लीच लावलं की टाळू बोलते. चुरचुरतं, आग होते आणि माणूस थांबतो. एखादी बट बिघडली तरी मुळाशी नवा केस वाढत असतो, टाळूचं तेल त्याला मिळत असतं. एक्स्टेन्शनला यातलं काहीच नाही. ते हातात धरून कुणी दोन तास ब्लीचमध्ये ठेवलं तरी तक्रार येणार नाही, आणि झालेलं नुकसान कधीच भरून निघणार नाही. म्हणून इथे घड्याळ आणि डोळे हेच टाळूचं काम करतात.

आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते ओळखायला हवं. एक केस उपटून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीनं पेटवा. जळक्या पिसासारखा वास आला आणि राख बोटात चुरली गेली तर केस माणसाचा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर धागा कृत्रिम. त्याचा रंग ब्लीचनं उतरणार नाही, प्रयत्नही करू नका. माणसाच्या केसातही दोन जाती आहेत. तिरुपतीसारख्या देवस्थानात मुंडणाचे केस लिलावानं विकले जातात. ते मुळाकडून टोकाकडे एका दिशेत बांधलेले राहिले तर त्याला बाजारात रेमी म्हणतात. दुसरीकडे, गावोगाव फुगे किंवा भांडी देऊन विंचरलेले गुंतवळ गोळा करणारे आपण पाहिलेले आहेत. त्या गुंतवळात शंभर डोक्यांचे केस उलटसुलट मिसळलेले असतात.

हा फरक महत्त्वाचा का, ते केसाच्या रचनेत आहे. केसाच्या बाहेर खवल्यांचा थर असतो, कौलारू घराच्या छपरासारखा एकावर एक रचलेला, सगळी कौलं टोकाकडे उतरणारी. उलटसुलट केसांत ही कौलं एकमेकांत अडकतात आणि जटा होतात. म्हणून असा माल बहुतेक वेळा आम्लात बुडवून खवले झिजवतात आणि वरून सिलिकॉनचा चकचकीत लेप देतात. दुकानात तो रेशमासारखा दिसतो. ब्लीचनं लेप जातो आणि खालचा उघडा, गुंतणारा केस हातात राहतो. रेमी नसलेलं स्वस्त एक्स्टेन्शन घरी ब्लीच करू नये, असंच माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशांत तयार तपकिरी रंगाचं मिळतं.

आता रंगाकडे येऊ. केसाच्या गाभ्यात मेलॅनिनचे कण असतात. आपल्या काळ्या केसांत मुख्यतः युमेलॅनिन, काळं-तपकिरी. थोडं फिओमेलॅनिन, लालसर-पिवळं. ब्लीच पावडरमध्ये अमोनियम आणि पोटॅशियमचे परसल्फेट असतात आणि अल्कली असते. अल्कलीनं केस फुगतो, खवले उघडतात, पेरॉक्साइड आत शिरतं आणि परसल्फेटच्या जोडीनं मेलॅनिन तोडतं. युमेलॅनिन आधी तुटतं, फिओमेलॅनिन चिवट असतं. म्हणूनच काळा केस थेट सोनेरी होत नाही. लालसर तपकिरी, तांबूस, नारिंगी, पिवळा अशा पायऱ्यांनी तो उतरतो. आपल्याला मध्यम तपकिरी हवा असेल तर तांबूस पायरीवर थांबून वरून तपकिरी रंग देणं पुरतं. फिकट पिवळ्यापर्यंत नेण्याची गरजच नसते, आणि केसाचं सर्वात जास्त नुकसान त्याच शेवटच्या पायऱ्यांवर होतं.

कारण पेरॉक्साइड फक्त रंगावर थांबत नाही. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधणारे गंधकाचे पूलही ते तोडतं. केसांच्या रसायनशास्त्रावरचा प्रमाण ग्रंथ लिहिणारे चार्ल्स रॉबिन्स सांगतात, की साध्या ब्लीचमध्ये यातले साधारण १५ ते २५ टक्के पूल जातात, कडक ब्लीचमध्ये ४५ टक्क्यांपर्यंत. जवळपास अर्धे पूल गेलेला केस ओला असताना ताणला की रबरासारखा लांबतो आणि मागे येत नाही. तारापूरच्या कापडवाल्यांना हे वेगळ्या रूपात ठाऊक असतं. सूत कॉस्टिक आणि जवळजवळ उकळतं पाणी सहन करतं, कारण ते सेल्युलोज आहे. लोकर त्याच टाकीत घातली तर संपली. तिला कोमट पाणी आणि सौम्य अल्कली लागते. माणसाचा केस लोकरीच्या जातीचा आहे.

आता पेरॉक्साइड किती तीव्र घ्यायचं ते पाहू. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लंडनचे रसायनविक्रेते थिएले आणि पॅरिसचे केशरचनाकार ह्यूगो यांनी पेरॉक्साइडनं केस उजळून दाखवले, ते सुमारे ३ टक्क्यांच्या सौम्य द्रावणानं. आज दुकानात पेरॉक्साइडच्या, म्हणजे डेव्हलपरच्या, बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. म्हणजे अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के. एक्स्टेन्शनसाठी २० च्या वर जाऊ नका. लवकर होतं म्हणून ४० घेण्याचा सल्ला पार्लरमधूनही मिळतो, तो ऐकू नका. आणि एक गोष्ट ठासून सांगते : कपड्यांचं, फरशीचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते केसाला लावायचं नाही. ते प्रथिनच विरघळवतं, केस गळून चिखल होतो.

डाईंगच्या खात्यात कापडाचा पूर्ण लॉट रंगात घालण्याआधी लॅब डिप करतात, छोट्या तुकड्यावर शेड बघतात. इथेही तेच करा. आतल्या, न दिसणाऱ्या थरातून बोटभर बट कापा आणि आधी तिच्यावर सगळं करून पाहा. किती मिनिटांत कोणती पायरी आली ते कागदावर लिहा. एक्स्टेन्शन आधीच डाय केलेलं असेल तर ते इथेच कळतं, कारण डायचा रंग मेलॅनिनसारखा सरळ उतरत नाही, डाग पडतात. काही डायमध्ये आणि भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागताच बट गरम झाली किंवा फेसाळली तर तिथेच काम सोडून द्या. घरी बोअरचं पाणी लोह असलेलं असेल तर केस आधी फिल्टरच्या पाण्यानं धुवा. लोह आणि तांबं पेरॉक्साइडला भडकवतात.

वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्या, स्टीलची नको. एक भाग पावडरला दोन भाग डेव्हलपर, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. हातात मोजे, खिडकी उघडी. परसल्फेटची पूड श्वासात गेल्यानं पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना दमा जडल्याची नोंद वैद्यकात आहे. दमा असलेल्यानं हे काम दुसऱ्याकडे द्यावं. एक्स्टेन्शन कोरडं, विंचरलेलं, प्लास्टिकवर सपाट पसरलेलं असावं. वरच्या शिवणीपासून दोन बोटं सोडून लावा, नाहीतर शिवणीचा दोरा कुजतो आणि केस झडायला लागतात. उन्हात ठेवू नका, ड्रायर लावू नका. साधारण १० अंश तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. एप्रिल-मे मधली बोईसरची दुपार म्हणजे न मागता मिळालेली उष्णता. सकाळी करा. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघा. अर्ध्या तासाच्या पुढे एका फेरीत जाऊ नका. हवा तो रंग आला नाही तर आठवडाभरानं दुसरी फेरी.

उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवायचं नाही, एक दिवसासाठीही नाही. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. कारखान्यात येणाऱ्या पेरॉक्साइडच्या ड्रमच्या झाकणाला वायू बाहेर जाण्याची वाट ठेवलेली असते, ती याचसाठी. उरलेलं बादलीभर पाण्यात ओतून मोरीत सोडा.

रंग उतरल्यावर कापडवाले एक काम कधीच चुकवत नाहीत : उरलेलं पेरॉक्साइड मारणं. कॅटलेज नावाचं विकर टाकून ते नष्ट करतात, तेव्हाच पुढचा रंग नीट बसतो. घरी भरपूर कोमट पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत धुवा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून त्यातून काढा. फुगलेला केस आम्लात आवळतो, खवले खाली बसतात. नंतर कंडिशनर, आणि सावलीत पसरून वाळवणं.

पुढची देखभाल तेलाची. २००३ मध्ये मुंबईत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी ब्लीच केलेले केसही तपासले होते. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं लक्षणीय घटलं. त्याचा रेणू सरळ आणि लहान असल्यानं तो केसात शिरतो, बाकीची वरवर राहतात. एक्स्टेन्शनला टाळूचं तेल कधीच मिळणार नाही, म्हणून प्रत्येक धुण्याआधी दोन थेंब खोबरेल तळहातावर चोळून मधल्या भागापासून टोकापर्यंत लावा. केळवे-डहाणूच्या किनाऱ्यावर ते शोधायला लांब जावं लागत नाही.

ब्लीचनंतर राहणारी नारिंगी झाक कोणत्या रंगानं आणि का मारायची, ते पुढच्या लेखांकात. तोवर कापलेली चाचणीची बट आणि मिनिटांचा कागद जपून ठेवा. रंग निवडताना दोन्ही लागतील.