स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ सारखी नसते

जठराच्या मागे स्वादुपिंड आडवे पसरलेले असते. तिथे गाठ निघाली की घरचे हाय खातात, आणि ते साहजिक आहे. पाचकरसाच्या नळ्यांतून उठणारा तिथला नेहमीचा कर्करोग झपाट्याने पसरतो. पण इन्सुलिनसारखे रस रक्तात सोडणाऱ्या पेशींचीही गाठ तिथेच होते. ती विरळा, बहुधा सावकाश वाढणारी, आणि तिचे उपचार निराळे. पोटदुखी, कावीळ, वजन उतरणे दोन्हींत दिसते. क्वचित मात्र ही दुसरी गाठ खूण देते: उपाशीपोटी दरदरून घाम, घेरी, आणि साखर खाल्ली की आराम.

शिरेतून औषध टोचून सीटी स्कॅन काढला तर ती बहुधा उजळ दिसते, नेहमीची काळपट. यावर विसंबू नये. खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. म्हणून रोग्याला निराश होऊन घरी नेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ‘तुकडा तपासला का?’ तोंडावाटे दुर्बीण घालून सुईने तो काढतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर कधी काढलेली गाठच तपासतात.

अमेरिकेतील ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांना २००३ साली आधी तीन ते सहा महिन्यांचीच मुदत सांगितली होती. त्याच संध्याकाळी तुकडा तपासला, तर निघाली विरळा गाठ. शस्त्रक्रिया मात्र त्यांनी सुमारे नऊ महिने लांबवली. २०११ साली ते वारले.