तारखेला किती जागा लागते?

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पांडाज या साधनात ही तारीख नॅनोसेकंदांच्या मापाने साठवायला घेतली, तर ती बसत नाही. त्या मापातला काळ २१ सप्टेंबर १६७७ ला सुरू होतो आणि ११ एप्रिल २२६२ ला संपतो. राज्याभिषेक सव्वातीन वर्षांनी बाहेर राहतो. १६८० मधलं महाराजांचं निधन मात्र आत येतं. एक्सेलमध्ये १९०० च्या आधीची तारीख ही तारीखच नसते, त्यामुळे सावित्रीबाई फुले यांचा ३ जानेवारी १८३१ हा जन्मदिवस तिथे नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ‘टाइमस्टॅम्प’ या प्रकारात तर १९७० पूर्वी जन्मलेल्या एकाही माणसाची जन्मतारीख मावत नाही.

डेटाबेसच्या टेबलातल्या कॉलमचा प्रकार निवडताना आपण किती भूतकाळ आणि किती भविष्यकाळ नोंदवू शकतो हे ठरवत असतो. हा निर्णय बहुतेक वेळा टेबल बनवण्याच्या घाईत, दोन सेकंदांत होऊन जातो, आणि तो पुढे वीस-तीस वर्षं टिकतो.

टाइमस्टॅम्पला ४ बाइट मिळतात. त्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले जातात, आणि मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर थांबते. तो क्षण भारतीय घड्याळात १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच मापाची जुनी यंत्रं पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतात. हे लांबचं वाटतं, पण २०२२-२३ या आर्थिक वर्षात उघडलेलं पीपीएफ खातं १ एप्रिल २०३८ ला मुदत पूर्ण करतं. त्या खात्याची मुदततारीख अशा कॉलममध्ये ठेवणारी प्रणाली खातं उघडण्याच्या पहिल्याच दिवशी चुकते.

आता ४ चे ८ बाइट करा. जागा दुप्पट झाली, पण काळ ६८ वर्षांवरून सुमारे २९,२०० कोटी वर्षांवर गेला. विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे त्याच्या एकवीस पट. हेच ८ बाइट सेकंदांऐवजी मायक्रोसेकंद मोजायला लावले तर २.९२ लाख वर्षं उरतात, आणि नॅनोसेकंद मोजायला लावले तर फक्त २९२. राज्याभिषेक बाहेर राहतो तो याच हिशेबाने.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो मायएसक्यूएलचा ‘डेटटाइम’. आवृत्ती ५.६.४ पूर्वी तो ८ बाइट घेत असे. मग तो ५ बाइटांत बसवला गेला. ५ बाइट म्हणजे ४० बिट: चिन्हाला १, दिवसाला ५, तासाला ५, मिनिटाला ६, सेकंदाला ६, आणि उरलेले १७ वर्ष-महिन्याला मिळून. वर्षाला १३ ने गुणून त्यात महिना मिळवायचा. सन ९९९९ च्या डिसेंबरला हा आकडा १,२९,९९९ होतो, आणि १७ बिटांत १,३१,०७१ पर्यंतचे आकडे मावतात. ४० पैकी एकही बिट शिल्लक नाही.

अशी जागा वाचवून काय मिळतं? ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदाच महिन्याला १,००० कोटींच्या वर गेले. त्यातल्या प्रत्येकाची वेळ कुणी १९ अक्षरांचा मजकूर म्हणून, एकदाच लिहिली असं धरलं, तर महिन्याला १९० जीबी होतात. ५ बाइटांच्या रूपात ५० जीबी. शिवाय महिन्याला १,००० कोटी व्यवहार म्हणजे सेकंदाला सरासरी ३,७००. सेकंदापर्यंतच वेळ ठेवली तर त्या ३,७०० पैकी आधी कोणता झाला हे वेळेवरून सांगता येत नाही. मायक्रोसेकंद हवे असतील तर आणखी ३ बाइट द्यावे लागतात, आणि इथे ते द्यायलाच हवेत.

मजकूर म्हणून ठेवलेल्या तारखेचं खरं नुकसान जागेपेक्षा मोठं आहे. क्रम लावला की ०१-१२-२०२४ ही तारीख ०२-०१-१९९९ च्या आधी येते. आणि दिवस-महिना उलटे वाचले गेले तर? साध्या वर्षाच्या ३६५ तारखांपैकी २२१ मध्ये दिवस बाराच्या पुढचा असतो. त्या नाकारल्या जातात, चूक लगेच दिसते. १२ तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ गुपचूप बदलतात, ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि कुठलीही सूचना येत नाही. मला धास्ती या १३२ ची वाटते.

म्हणून कॉलमचा प्रकार बदलावा लागतो, आणि ते सबुरीचं काम आहे. टेबलात १०० कोटी नोंदी असतील आणि सेकंदाला १०,००० बदलत असतील, तर पावणेअठ्ठावीस तास लागतात. तेवढा वेळ बँकेचं टेबल अडवून ठेवता येत नाही. मग जुन्या कॉलमशेजारी नवा कॉलम घालायचा, प्रोग्रामला दोन्हीकडे लिहायला लावायचं, जुन्या नोंदी हजार-हजारांच्या तुकड्यांनी भरत जायचं, दोन्ही कॉलम ताडून पाहायचे आणि मगच वाचन नव्याकडे वळवायचं. जुना कॉलम सर्वांत शेवटी काढायचा.

नव्या कॉलममध्ये वेळ साठवायची ती जागतिक वेळेत, दाखवायची ती वाचणाऱ्याच्या घड्याळात. मधलं अंतर भारतासाठी १९,८०० सेकंद. जन्मतारखेला मात्र घड्याळ जोडूच नये, नाहीतर मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा होऊन माणूस आदल्या दिवशी जन्मलेला दिसतो. मुंबईत १ एप्रिलला रात्री एक वाजता केलेला व्यवहार जागतिक वेळेत ३१ मार्चचा, संध्याकाळी साडेसातचा असतो. अहवाल काढणाऱ्याने ते अंतर मिळवलं नाही, तर पैसे गेल्या आर्थिक वर्षात जमा होतात. त्यामुळे कॉलम बदलून झाला की पहिली तपासणी ३१ मार्च आणि १ एप्रिलच्या मधल्या रात्रीच्या नोंदींची करावी.