दार न उघडण्याचा सूड

नवऱ्याच्या डोक्यात गोठलेली मटणाची तंगडी घालायची आणि मग तीच भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना पोटभर जेवू घालायची. रोआल्ड डाल यांची १९५३ सालची ‘लॅम्ब टू द स्लॉटर’ ज्यांनी वाचलेली नसते, त्यांनाही ही युक्ती ठाऊक असते. हिचकॉकने तिला टीव्हीवर आणलं, त्यामुळे तर ती घरोघरी पोचली. निर्दय पुरुषावर बाईने उगवलेला सूड म्हटलं की पहिलं नाव हिचंच निघतं.

कथा फक्कडच आहे. पण या जातीच्या ज्या कथा खरोखर मनात रुतून बसतात, त्यांत बाई बहुधा हातही उचलत नाही. आजवर निमूटपणे जे करत आली, ते फक्त थांबवते.

डाल यांचीच ‘द वे अप टू हेवन’ (१९५४) घ्या. न्यूयॉर्कच्या श्रीमंत मिसेस फॉस्टरना एकच धास्ती, आपली गाडी किंवा विमान चुकेल. उशीर होतोय असं नुसतं वाटलं तरी त्यांच्या डोळ्याची कड उडायला लागते. नवऱ्याला हे पक्कं माहीत, म्हणूनच निघायच्या वेळी तो नेमका रेंगाळतो. पॅरिसला, फोटोतच पाहिलेल्या नातवंडांकडे जायच्या दिवशी तो ‘लेकीची भेट आत राहिली’ म्हणत मोटारीतून उतरतो. इकडे बाईंना त्या भेटीची डबी सीटच्या फटीत सापडते, मुद्दाम खोचून ठेवल्यासारखी. त्या धावत दाराशी जातात, किल्ली कुलपात घालतात आणि थबकतात. आत कसलासा आवाज होतोय. त्या कान देऊन ऐकतात, किल्ली काढून घेतात आणि ड्रायव्हरला विमानतळ गाठायला सांगतात. सहा आठवडे पॅरिसमध्ये मजेत जातात, नवऱ्याला नेमाने पत्रंही जातात. परतल्यावर त्या शांतपणे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतात. आवाज कसला होता, हे डाल शेवटपर्यंत उघड सांगत नाहीत.

झोरा नील हर्स्टन यांची ‘स्वेट’ याहून जुनी आणि कितीतरी कडवट. हार्लेममधल्या तरुण कृष्णवर्णीय लेखकांनी १९२६ साली ‘फायर!!’ नावाचं नियतकालिक काढलं. ते एका अंकातच आटोपलं, पण त्यात ही कथा होती. फ्लोरिडातली डेलिया पंधरा वर्षं गोऱ्यांची धुणी धुतेय. घर तिच्या घामावर उभं आहे. नवरा साइक्स तिला मारतो, दुसरीवर पैसे उधळतो आणि त्या दुसरीला घरात आणायचं म्हणून हिला हाकलायला बघतो. डेलियाला सापाचं भयंकर भय. रविवारी रात्री ती धुणं निवडत बसलेली असताना तो मागून तिच्या खांद्यावर चाबूक सोडतो आणि तिची बोबडी वळलेली पाहून खदखदून हसतो. पुढे तर जिवंत रॅटलस्नेकच खोक्यात घालून दाराशी ठेवतो. दुकानाच्या ओट्यावरचे पुरुष त्याला नावं ठेवतात, पण जागचा उठत कोणीच नाही.

एका रात्री तो साप धुण्याच्या टोपलीत निघतो. डेलिया जीव घेऊन बाहेर पळते. पहाटे साइक्स अंधाऱ्या घरात शिरतो. उजेड करायला काडी सापडत नाही, आणि साप त्यालाच डसतो. बाहेर डेलिया त्याच्या हाका ऐकते, पण आत जात नाही. डॉक्टर लांब ऑर्लँडोला, हे तिला माहीत आहे. हर्स्टन तिला सोवळी ठेवत नाहीत. तिला त्याची दया येते, आणि आपण इथेच होतो हे त्याला कळलंय, हेही तिला कळतं.

अर्थात अपवाद आहेत. महाश्वेतादेवींच्या ‘शिकार’मधली मेरी ओराँव मागे लागलेल्या ठेकेदाराला जंगलात बोलावते आणि सरळ कापून काढते. तेही बारा वर्षांतून एकदा बायका शिकारीला निघतात, त्या सणाच्या दिवशी. पण तो ठेकेदार तिचा नवरा नव्हे. त्याचं रांधणं-धुणं तिने कधी केलेलंच नाही, मग थांबवणार काय?

सुझन ग्लास्पेल यांच्या ‘अ ज्यूरी ऑफ हर पिअर्स’मध्ये (१९१७) खून कथेआधीच उरकलेला आहे. शेतकरी गळ्याला दोर आवळून मेलाय, बायको मिनी कोठडीत आहे. स्वयंपाकघरात कसला पुरावा, असं म्हणून तपासाला आलेले पुरुष माडीवर जातात. त्यांच्याबरोबर आलेल्या आणि खाली थांबलेल्या दोघी बायका मात्र मिनीची अर्धवट गोधडी निरखतात. सगळे टाके सुबक, एका तुकड्यावरचे तेवढे वेडेवाकडे. शिवणाच्या सामानात एक डबी, तिच्यात रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. दोघींतली एक शेरीफची बायको. तरीही पुरुष खाली येतात तेव्हा डबी कोटाच्या खिशात गेलेली असते आणि दोघीही चकार शब्द काढत नाहीत.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. डिसेंबर १९०० मध्ये आयोवात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला आणि बायको मार्गारेटवर खटला चालला. ग्लास्पेल तेव्हा वार्ताहर म्हणून त्याच्या बातम्या देत होत्या. ज्यूरीत बसायची बायकांना तिथे मुभा नव्हती. १९०१ मध्ये मार्गारेट दोषी ठरली, पण वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि ती सुटली.