मल्लखांब आणि घरची माणसे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एक प्रश्न निघतो. मुलीला स्वसंरक्षणाच्या वर्गास घालावे काय, आणि घालावयाचे तर कोणत्या? दहा दिवसांत मनगट सोडवून घेण्याच्या चार युक्त्या शिकवून प्रमाणपत्र देणारे वर्ग आता शहरोशहरी निघाले आहेत. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. काहीच न येण्यापेक्षा चार युक्त्या आलेल्या बऱ्या. परंतु दहा दिवसांत डोक्याला कळलेली गोष्ट अंगात मुरत नाही, आणि प्रसंगी डोके गोंधळते तेव्हा अंगात मुरलेलेच तेवढे कामास येते. नाशिककरांना तर उत्तर शोधीत दूर जावयास नको. निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या कोठुऱ्याच्या एका ब्राह्मणाने ते कधीच देऊन ठेविले आहे.

बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास होते. परंपरा अशी सांगते की, अली आणि गुलाब नावाचे दोन मातबर मल्ल निजामाच्या मुलखातून जिंकीत जिंकीत पुण्यास आले आणि त्यांनी भर दरबारात आव्हान टाकले. कोणी उठेना, तेव्हा हा कोवळ्या वयाचा ब्राह्मण पुढे झाला. मात्र त्याने तयारीस अवधी मागून घेतला. मग वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठान, तेथे मारुतीचा दृष्टान्त, आणि लाकडी खांबावर केलेली मेहनत. पुढे अली चीत झाला, आणि गुलाबने कुस्तीच नाकारली म्हणतात. दृष्टान्ताविषयी ज्याची त्याची श्रद्धा. वानर झाडावर कसे चढते-उतरते हे नीट न्याहाळून दादांनी ते लाकडावर आणले, असे मानणाऱ्यांचेही काही बिघडत नाही. खांबावरील मेहनतीचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त सापडतोच, दादांनी त्या मागे पडलेल्या विद्येला पुन्हा जीव दिला. आम्हांस मात्र या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो मागून घेतलेला अवधी. आपले बळ आज कमी पडेल हे ओळखून ज्याने दरबारात मुदत मागितली, त्याला कोणी भित्रा म्हटले नाही.

मल्लखांब म्हणजे अक्षरशः लाकडाचा प्रतिमल्ल. शिसवी किंवा सागवानी, बुडाशी जाड, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर बोंड असलेला हा खांब एरंडेल लावून गुळगुळीत ठेवतात. हा प्रतिमल्ल रागावत नाही, थकत नाही आणि दुखावतही नाही. म्हणून एकट्याने मेहनत करावी तर याच्याशीच. अढी घालणे, बगल मारणे, तेढी, दसरंग, सुईदोरा, अशी ही विद्या चढत जाते. पण जाणता वस्ताद चढण्याच्या आधी उतरणे शिकवतो. पकड सुटली तर अंग कसे आवळावे, पाय कोठे टेकावे, गुडघे कसे सैल ठेवावे, हे पहिले. डोके खाली आणि पाय वर असतानाही श्वास न कोंडता बोलता आले पाहिजे. ज्या मुलाला खाली डोके वर पाय अशा अवस्थेत आपले उजवे-डावे कळते, तो भर बाजारात कोणी अंगावर ओरडले म्हणून सहसा भांबावत नाही.

आता नित्याच्या व्यवहाराकडे वळू. गुंडाची गाठ जन्मात एखादे वेळी पडते किंवा पडतही नाही. न्हाणीघरातील ओल्या फरशीची गाठ रोज पडते. जुन्या वाड्यांचे उभे जिने आणि पावसाळ्यात शेवाळलेले गोदेचे घाट यांनी किती जणांची हाडे मोडली याची मोजदाद कोणी ठेवली आहे? पडावे कसे हे ज्याच्या अंगात मुरले, त्याचे मनगट वाचते. गर्दीची गोष्ट तर नाशिकने विसरू नये अशी आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात उताराच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 39 माणसे दगावली. उधळलेली नाणी वेचण्यास लोक वाकले, असे तेव्हा सांगितले गेले. त्या दिवशी बंदोबस्ताचे जे उणे होते ते होतेच; एकट्या माणसाच्या अंगबळाने ते भरून निघाले नसते. तरीही गर्दीत खाली पडलेली वस्तू वेचू नये, दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याच्या उलट न जाता तिरके तिरके कडेला सरकावे, एवढे 2026–27 च्या सिंहस्थास जाणाऱ्या प्रत्येक घराने आधी बोलून ठेवावे.

हातघाईचा प्रसंग आलाच तर? गळ्यातील साखळीस कोणी हात घातला की बहुतेक बायका ती घट्ट धरतात. जिवापुढे सोन्याची किंमत ती काय! पकड सोडण्याची वेळ कोणती, हे खांबावर पहिल्या महिन्यातच कळते. जीव धोक्यात असेल तर मात्र प्रतिकार करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. पूर्वी तो 1860 च्या दंडसंहितेत होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. त्याला मर्यादा आहेत: संरक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करू नये, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा अधिकार उरत नाही. आखाड्यात चीत झालेल्यावर कोणी पुन्हा हात टाकीत नाही, तोच हा न्याय. 112 हा क्रमांक घरातील सहा वर्षांच्या पोरालाही पाठ असावा.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे, आणि एकत्र कुटुंबांत ती बोलली जात नाही म्हणूनच आम्ही बोलतो. मुलांवरील अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो, हे सरकारी गुन्हे-अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. तेथे ठोसा काय कामाचा? ज्या पाहुण्याच्या मांडीवर बसावयास पोर नको म्हणते, तिला “अगं, काका आहेत ना!” म्हणून पुढे ढकलणारे आपणच असतो. तिचा नकार तेथेच ऐकला गेला पाहिजे. मल्लखांबावर वस्ताद अंगाला हात लावून आधार देतो. आधाराचा हात कोणता आणि नकोसा कोणता, हे मूल तेथे ओळखू लागते. म्हणूनच मेहनत उघड्यावर चालावी, आईबापांना केव्हाही येऊन बसता यावे. जेथे मज्जाव असेल तेथे मूल पाठवू नये. 2012 च्या बालसंरक्षण कायद्याने असा गुन्हा कळूनही न कळविणे हाच अपराध ठरविला आहे. घराची अब्रू म्हणून तोंड दाबणारे वडीलधारे त्यात येतात. मुलांसाठीचा मदत क्रमांक 1098 आहे.

आणि मुलींचे काय? ब्रह्मावर्तास मनुताई, म्हणजे पुढची झाशीची राणी, दादांच्या हाताखाली मल्लखांब शिकली असे परंपरा सांगते. 2021 साली मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तो हिमानी परब या मुलीलाच. असे असता आमच्या घरांत भावाची मेहनत चालू राहते आणि बहिणीची तेराव्या-चौदाव्या वर्षी बंद होते. कारण विचारले तर “आता मोठी झाली.” ज्या वयात तिला या मेहनतीची खरी गरज पडू लागते, नेमके तेच वय! मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आहे. यशवंत व्यायामशाळेसारख्या नाशिकच्या जुन्या संस्थांतून या विद्येची परंपरा टिकून आहे.

सहा-सात वर्षांचे मूल झाले की आरंभ करावा. सकाळचा एक तास पुरे. पोट रिकामे असावे, हातात बांगडी आणि गळ्यात साखळी नसावी, खाली मऊ गादी किंवा तांबडी माती असावी. पहिले पंधरा दिवस मांड्या सोलवटतील, पोर रडेल, आणि आजी रदबदली करील. एरंडेलाचे कपडे मात्र घरच्या धुण्यात मिसळू नयेत. त्यांची बादली निराळी ठेवावी.