वाक्य कोणाचं, आडनाव कुठलं?

विश्वचषकाचे दिवस आले, की आमच्या मोर्शीतही मोबाइलवर एक वाक्य फिरू लागतं : फुटबॉल हा जीवन-मरणाचा प्रश्न नाही, त्याहून मोठा आहे. खाली नाव असतं लिव्हरपूलचे प्रशिक्षक बिल शँकली यांचं. १९८१ साली दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ते या अर्थाचं बोलले होते, हे खरं. पण या खेळापायी घरच्यांना सोसावं लागलं, त्याची फार खंत वाटते, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं होतं. लोकांनी ऐट तेवढी उचलली, खंत मागेच राहिली.

आपल्या संघाबद्दलही असंच झालं. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून भारत १९५०च्या ब्राझील विश्वचषकाला गेला नाही, असं अजूनही छापून येतं. खरी कारणं होती लांबचा समुद्रप्रवास, सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीतले मतभेद. त्यातही मुख्य म्हणजे, तेव्हा आपल्याकडे विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिकचं मोल जास्त होतं. कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे तेच सांगितलं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही आपले अनेक खेळाडू अनवाणीच उतरले होते. तिथे युगोस्लाव्हियाने १०-१ असं हरवल्यावर बूट सक्तीचे झाले.

बोलण्याची जी गत, तीच आडनावाची. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत ४-२ने जिंकला. आडनाव ऐकून त्यांना परका समजणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. नेव्हिल गोमंतकीय घराण्यातले, मुंबईत खेळलेले. ‘डिसूझा’ म्हणजे ‘सोझाचा’, आणि सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळत असे. अशी ती आडनावं इथली झाली. गोव्याचेच गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचं आडनाव शंखवाळ गावावरून आलं, जसं आपल्या शेजारच्या वरुडवरून वरुडकर. कुणी नदीचा, कुणी गावचा. घडण एकच.

म्हणून एक विनंती. कुणाचं वाक्य पुढे पाठवण्याआधी ते कधी आणि कशाच्या उत्तरात आलं, हे पाहा. आडनावावरून माणूस परका ठरवण्याआधी ते आडनाव कुठून आलं, हे विचारा. देशासाठी खेळलेल्यांचं एवढं देणं आपण लागतो.