हिट कुणाची, चूक कुणाची?

जळगाव-धुळ्याच्या शालेय मैदानांवर सॉफ्टबॉल खेळला जातो. हा बेसबॉलचाच धाकटा भाऊ. बॅटर चेंडू मारून पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, म्हणजे त्याच्या नावावर हिट लागलीच असं नाही. ते ठरवतो स्कोअरर. कसोटी अशी: क्षेत्ररक्षकाने साधारण प्रयत्न केला असता, तर बॅटर बाद झाला असता का? हो, तर क्षेत्ररक्षकाची चूक. नाही, तर हिट. शंकेचा फायदा बॅटरला. चेंडू खड्यावर आपटून वेडावाकडा उसळला आणि आवरलाच नाही, तरी हिटच. आपल्या मुरमाड मैदानांवर हा नियम बॅटरच्या भलताच सोयीचा!

सामन्याचा निकाल यामुळे बदलत नाही. बदलते बॅटरची सरासरी, आणि पिचरच्या खात्यावर किती धावा मांडायच्या तो हिशेब. क्रिकेटच्या वहीत हा प्रश्नच नाही. क्षेत्ररक्षक ढिला पडला तरी धावा फलंदाजाच्याच. गंमत म्हणजे बेसबॉलच्या या नोंदींचा पाया घालणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज, आणि क्रिकेटचं वार्तांकन करणारा पत्रकार. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये स्कोअररला आपला निर्णय सामना संपल्यावर २४ तासांत फिरवताही येतो.